सात हजारांचा मोठा पडदा

साडेपाच इंची जुना फोन आणि ६.७ इंची नवा फोन शेजारी ठेवून दोन्ही पडद्यांची रुंदी व्हर्नियरनं मोजली, तर फरक निघतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. जुना ६८.५ मिलिमीटर, नवा ६९.८. वाढ झाली आहे ती सगळी उंचीत. तिथे मात्र चांगले ३३ मिलिमीटर जास्त मिळतात. फोनचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पूर्वी पडद्याच्या उंचीचं रुंदीशी प्रमाण सोळास नऊ असायचं, आता ते वीसास नऊ झालं. पडदा उंच केला की तिरकं माप भराभर वाढतं, खोक्यावरचा आकडा मोठा होतो आणि फोन तरीही मुठीत मावतो. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची गॅलेक्सी नोट आला तेव्हा एवढं धूड कानाला कसं लावायचं, असं लोक विचारायचे. आज सात हजारांच्या आतल्या फोनचा पडदासुद्धा साडेसहा इंचांहून लहान क्वचितच असतो.

हे मोजायचं कारण माझी आत्या. कोल्हापूरजवळ, प्रयाग चिखलीच्या बाजूला, नदीकाठच्या गावात ती राहते. दोन म्हशी, थोडा ऊस, आणि गावातल्या महिला बचत गटाची ती सचिव आहे. तिला फोन घ्यायचा होता आणि अट एकच होती. "अक्षर मोठं दिसाय पाहिजे. बाकी काय असंल ते असूदे." पैसे तिचे स्वतःचे, दुधाच्या बिलातून बाजूला टाकलेले, सात हजार. पुण्याचा मुलगा "मी देतो" म्हणत होता, पण आत्या असल्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवस मापं घेण्यातच जातो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि मला ते मनापासून आवडलं.

तिची अट मी आधी नीट तपासली. अक्षराचा आकार पडद्याच्या रुंदीवर ठरतो आणि रुंदी तर वाढलेलीच नाही. मग मोठ्या पडद्याचा आत्याला उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो उंचीतच आहे. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली की एका ओळीत शब्द कमी मावतात आणि ओळी वाढतात. जुन्या फोनवर असं केलं की मेसेजच्या चार ओळी दिसायच्या, पुढच्यासाठी बोट सरकवत बसायचं. त्यात मराठी कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा त्यानंच अडवलेला. आपण काय लिहिलं हे बघायलाही वर जागा उरायची नाही. उंच पडद्यावर मोठ्या अक्षरांतसुद्धा वर आलेला मेसेज आणि खाली कीबोर्ड दोन्ही एका वेळी दिसतात. बचत गटाच्या ग्रुपवर हप्त्याच्या वहीतल्या पानांचे फोटो येतात. ते दोन बोटांनी मोठे केले तरी बऱ्याच ओळी नजरेसमोर राहतात, वरच्या बाईचं नाव आणि खालची रक्कम असा गोंधळ होत नाही.

व्हिडिओचं मात्र वेगळं आहे. यूट्यूबवरची बहुतेक कीर्तनं सोळास नऊच्या चौकटीतच असतात. फोन आडवा धरला की चित्राची उंची पडद्याच्या रुंदीइतकी, म्हणजे पुन्हा तेच ६९.८ मिलिमीटर, आणि दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या. हिशेब केला तर चित्र १२४ मिलिमीटर लांब येतं. जुन्या साडेपाच इंची फोनवर ते १२२ यायचं. म्हणजे कीर्तन बघायला मोठा फोन हवा, असं कुणी म्हणालं तर त्यानं आधी पट्टी घ्यावी. दुकानातल्या टेबलावर हा फरक कुणाला कळणार? तिथे फोन उभे मांडलेले असतात आणि पडदाभर रंगीत चित्र लावलेलं असतं.

पुढचा मुद्दा ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. स्वस्त फोनच्या मोठ्या पडद्यावर बहुधा ७२० बाय १६०० ठिपके असतात. ६.७ इंचांत ते पसरले की इंचाला सुमारे २६० पडतात. पाच इंची जुन्या फोनवर ७२० बाय १२८० ठिपके असायचे, तेव्हा इंचाला २९० च्या पुढे पडायचे. पडदा वाढला, ठिपके फारसे वाढले नाहीत, त्यामुळे अक्षराची धार थोडी कमी झाली. देवनागरीला ते लवकर जाणवतं; बारीक अक्षरांत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. म्हणून जाणकार लोक असल्या पडद्याला नाकं मुरडतात. आत्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे ओळखू यायला एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन लागतो. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर त्यासाठी इंचाला २९० ठिपके हवेत, पण ४० सेंटिमीटरवर २२० पुरतात. आत्या फोन धरते हात लांब करून, चष्म्याच्या वरून बघत. तिच्यासाठी २६० ठिपके म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. शिवाय ठिपके कमी म्हणजे प्रोसेसरला रंगवायचं काम कमी आणि बॅटरीवर ताण कमी. इथे कंपनीनं पैसे वाचवले आणि आत्याचं काहीच गेलं नाही. अशा काटकसरीला मी मनापासून चांगली म्हणेन.

आमच्या धंद्यात रेट कमी करून मागणारं गिऱ्हाईक रोज येतं. आम्ही ड्रॉइंग समोर घेतो आणि विचारतो, कुठल्या मापात ढील चालेल? कास्टिंगच्या बाहेरच्या अंगाला फिनिशिंग नको म्हणालात तर पैसे वाचतात आणि जॉबला काही होत नाही. पण जिथे बेअरिंग बसतं त्या बोअरला, म्हणजे भोकाला, शतांश मिलिमीटरची जरी ढील दिली, तरी जॉब दिसायला तसाच, सुरुवातीला चालायलाही तसाच, आणि पुढे कधीतरी आवाज द्यायला लागतो. तोवर बिल होऊन गेलेलं असतं. स्वस्त फोनकडेही मी असाच बघतो. काटकसर झालेलीच असणार; त्याशिवाय ५००० एमएएचची बॅटरी आणि हातभर पडदा सात हजारांत कसा बसेल? ती कुठल्या जागी झाली आणि वापरणाऱ्याचा भार नेमका कुठे पडतो, एवढं जुळवून बघायचं.

म्हणून आत्याला घेऊन राजारामपुरीत गेलो. दुकानातला पोरगा चांगला होता, हसतमुख. आत्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग खोकं फिरवून म्हणाला, "काकू, आठ जीबी रॅम हाय बघा. हँग व्हायचा विषयच न्हाई." खोक्यावर आठ मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक तारा. ताऱ्याचा खुलासा खोक्याच्या खालच्या कडेला: चार अधिक चार. रॅम म्हणजे चालू कामं हाताशी ठेवायची फोनची झटपट जागा. खरी रॅम चार जीबी, उरलेली चार फोटो-व्हिडिओ ठेवायच्या साठवणुकीतून उसनी घेतलेली. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला जे शिकवलं होतं ते सांगत होता. पण या उसन्या रॅमबद्दल बोलायलाच हवं, कारण फोनचं बेअरिंग जिथे बसतं ती एक जागा हीच आहे.

फोनमधली साठवणूक रॅमच्या मानानं खूप संथ असते. त्यातही स्वस्त फोनमध्ये जी लावतात तिला ईएमएमसी म्हणतात, महागड्या फोनमधल्या यूएफएसपेक्षा ती आणखी संथ. एका वेळी ती एकतर वाचू शकते किंवा लिहू शकते. आणि या चिपवर पुसल्याशिवाय लिहिता येत नाही; पुसायचं तर एक बाइट पुसता येत नाही, आख्खा ब्लॉक पुसावा लागतो. रिकामी जागा भरपूर असते तोवर हे उद्योग मागे गुपचूप चालू राहतात. जागा भरत आली की लिहिण्याआधी इकडचं तिकडं हलवणं, मग पुसणं, मग लिहिणं, असं प्रत्येक वेळी करावं लागतं. नव्या फोनवर झटकन उघडणारं व्हॉट्सअ‍ॅप दीड वर्षानं विचार करत बसतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आणि आपल्याकडे जागा भरायला काय लागतं? सकाळच्या शुभेच्छा, वाढदिवसाचे बॅनर, ग्रुपवरचे व्हिडिओ. ६४ जीबीतला चांगला हिस्सा फोनची स्वतःची यंत्रणा आधीच घेऊन बसलेली असते. त्यात पुन्हा चार जीबी रॅमला उसने द्यायचे, म्हणजे आधीच संथ असलेल्या चिपवर वर्दळ वाढवायची. आत्याच्या फोनवर ती उसनी रॅम मी बंद केली आणि व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोडही बंद केलं. हे सगळ्यांनी करावं असं मला फार वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि फोनचं आयुष्य त्यानं खरोखर वाढतं.

बाकीच्या बऱ्याच काटकसरी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही. कॅमेरा साधा असतो. दुकानातच फोटो काढून बघता येतो, नातवाशी व्हिडिओ कॉलला तो पुरतो. स्पीकर एकच, खालच्या बाजूला. आडवा धरला की हाताखाली दबतो, पण आत्या फोन कट्ट्यावर भिंतीला टेकवून ठेवते. चार्जर १० वॉटचा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास, तेव्हा पूर्ण भरायला अडीच-तीन तास जाणारच. रात्री लावून झोपणाऱ्याला त्याचं काय! खोक्यावर ९० हर्ट्‌झ असंही लिहिलेलं असतं, पडदा सेकंदाला नव्वद वेळा ताजा होतो म्हणून. एवढ्या वेगानं चित्र पुरवायला आतला प्रोसेसर अनेकदा अपुरा पडतो आणि बॅटरी मात्र जास्त जाते. ते मी साठवर आणून ठेवलं.

उन्हाचा प्रश्न मात्र खरा निघाला. दुकानात पांढऱ्या दिव्याखाली सगळेच पडदे झळकतात. मी फोन घेऊन दाराबाहेर रस्त्यावर आलो आणि आत्याला म्हणालो, "आता वाच." ती हात आडवा धरून, तोंड वळवून बघायला लागली. स्वस्त एलसीडी पडद्याचा उजेड चारशे-साडेचारशे निटच्या आसपास असतो; निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप. दुपारच्या उन्हात तो फिका पडतो. आत्या म्हणाली, "उन्हात मी कशाला वाचत बसतोय? रानात फोन आला की हिरवं बटन दिसलं म्हंजे झालं." मला तिचं म्हणणं मान्य करावं लागलं. तिचा फोन पहाटे दूध घालून आल्यावर चालू होतो आणि रात्री जेवणं झाल्यावर. दोन्ही वेळा उजेड घरातला.

तोच फोन आमच्या शेजारच्या पोरानं घ्यायचा ठरवला असता तर मी आडवा पडलो असतो. तो दिवसभर गाडीवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. शाहूपुरीतून कसबा बावडा, तिथून फुलेवाडी, भर दुपारी. त्याला पडदा उन्हातच वाचायचा असतो. नकाशा सतत चालू, मागे दुसरं अ‍ॅप, मधेच कॉल. चार जीबी रॅममध्ये एक अ‍ॅप उघडलं की दुसरं झोपतं आणि ऑर्डर हातची जाते. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नसतो. मग चौकात उभं राहिलं की नकाशावरचा बाण आपलं तोंड कुठे आहे ते दाखवत नाही. थोडं पुढे गेल्यावर कळतं की उलटे आलो. अनोळखी गल्लीत रात्री हे किती जिवावर येतं ते त्यालाच विचारावं. पाच मिनिटं चार्जिंगला लावून काम भागवण्याची सोयही १० वॉटमध्ये नाही. फोन एकच, किंमत एकच. आत्याला स्वस्त पडतो आणि याला महाग. "सात हजारांत कुठला फोन चांगला?" असं लोक विचारतात तेव्हा मी आधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारतो.

बॅटरीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या भागात ती नुसती सोय नाही. जुलै-ऑगस्टात पंचगंगा वाढायला लागली की सगळ्यांची नजर राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. दर काही तासांनी मेसेज फिरतो, इतके फूट इतके इंच, आणि त्यावर ठरतं की जनावरं सोडायची का, दागिने आणि कागदपत्रं बांधायची का. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत हे सगळं आम्ही भोगलं आहे. २०१९ ला वीज गेली, रस्ते गेले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. आत्याच्या हातात तेव्हा जुना फोन होता, त्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची. तिचा फोन बंद झाला आणि त्यानंतर ती कुठे आहे, म्हशी कुठे आहेत, कुणाच्या माडीवर आहे की शाळेत, काही कळायला मार्ग नव्हता. माझे वडील त्या रात्री दारातच उभे होते. त्यामुळे भली मोठी बॅटरी आणि कमी ठिपक्यांचा पडदा हे जोडकाम मला स्वस्त फोनमधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. जपून वापरला तर असा फोन दोन दिवस निघतो. चकचकीत, पातळ, तिप्पट किमतीच्या फोनकडूनही याहून जास्त मिळेल असं नाही. पूरपट्ट्यातल्या माणसाला मी हा फोन याच एका कारणासाठीसुद्धा सुचवेन.

आता ती जागा, जिथे मला राग येतो.

गूगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला अँड्रॉइडच्या सुरक्षेतल्या दुरुस्त्यांची यादी काढतं. कुठे भोक आहे आणि ते कसं बुजवलं, हे त्यात असतं. यादी जाहीर असते. म्हणजे ज्याचा फोन दुरुस्त झाला तो सुटला, आणि ज्याचा झाला नाही त्याच्या फोनचं भोक चोरालाही ठाऊक झालं. दुरुस्त्या फोनपर्यंत पोचवायचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं. महागड्या फोनना काही कंपन्या आता सात-सात वर्षं त्या देतात. स्वस्त फोनला बहुधा दोन वर्षं, तीही दर महिन्याला नव्हेत, आणि तीही फोन बाजारात आल्यापासून मोजायची. दुकानात वर्षभर पडून राहिलेला फोन घेतला तर पदरात एकच वर्ष. आणि आत्या फोन किती वर्षं वापरणार? चालतोय तोवर. चार वर्षं, पाच वर्षं.

कुणी म्हणेल, सात हजारांत आणखी काय पाहिजे. पण आत्याच्या फोनमध्ये आता काय असतं ते बघा. दर दहा दिवसांनी दुधाच्या बिलाचा मेसेज. लाडक्या बहिणीचे १,५०० जमा झाल्याचा मेसेज. बचत गटाच्या खात्याचा ओटीपी. पेंडवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे. ज्याच्याकडे दोन लाखांचा फोन घ्यायची ऐपत आहे त्याचे पैसे गेले तर त्याला धक्का बसेल. आत्याचे गेले तर महिना जाईल. सर्वांत जास्त जपायला हवा तो फोन तिचा, आणि सर्वांत आधी वाऱ्यावर सोडतात तोही तिचाच. कॅमेरा वाईट असला तर ती दुकानातच सांगू शकते. दुरुस्त्या कधी थांबणार हे तिला कुणी सांगत नाही, आणि थांबल्या तरी पडद्यावर काही उमटत नाही. फोन तसाच चालू राहतो. गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी ढील देणं आमच्या शॉपमध्ये मी कधीच पास करत नाही, आणि इथेही मला ते मान्य नाही.

अपडेट असले म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. सध्या लोकांना गंडवतात ते बहुतेक वेळा वेगळ्या वाटेनं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा गाडीच्या दंडाची पावती म्हणून एपीके, म्हणजे नवं अॅप बसवणारी, फाइल येते, माणूस ती उघडतो, विचारलेल्या सगळ्या परवानग्या देतो आणि मेसेज वाचायचा हक्क चोराला मिळतो. हे नव्या फोनवरही होतं. म्हणून आत्याला मी एकच गोष्ट पाठ करायला लावली: नावाच्या शेवटी एपीके दिसलं की बोट लावायचं नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. तिनं ते गटातल्या बायकांनाही सांगितलं.

आणि जाहिराती. स्वस्त फोनची किंमत आपण दुकानात पुरती फेडत नाही, उरलेली नंतर फेडत राहतो. न मागितलेली अ‍ॅप्स आधीच भरलेली, लॉक असलेल्या पडद्यावर बातम्या आणि खेळांची चित्रं, बोट चुकून लागलं की कुठलंतरी पान उघडतं. मोठा पडदा आणि थरथरता अंगठा असला की हे जास्तच होतं. यातलं बरंच सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, पण ते इतकं आत दडवलेलं असतं की एका संध्याकाळी मी आत्याच्या कट्ट्यावर चहा गार होईस्तोवर एकेक शोधत बसलो होतो. जिला ते बंद करून देणारा भाचा नाही, तिनं काय करायचं?

दुसरे रस्ते नव्हते असं नाही. आणखी तीन-साडेतीन हजार घातले तर यूएफएस साठवणूक आणि जास्त वर्षांच्या अपडेटचा शब्द देणारे फोन मिळू लागतात. दुकानातला फायनान्सवाला लगेच पुढे आला, "हप्त्यावर घ्या की काकू, शून्य टक्के." आत्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गटात हप्ते वसूल करणारी बाई, हप्ता म्हणजे काय हे तिला सांगायला नको. तीन-साडेतीन हजार म्हणजे एका म्हशीचं दहा दिवसांचं बिल जवळपास सगळं, आणि त्यातून पेंड, भुसा, डॉक्टर जायचे असतात. मी घालतो म्हणालो तर म्हणाली, "तू घालशील, मग फोन तुझा झाला." सेकंड-हँड चांगला फोन घ्यावा का, हाही विचार केला. आतले भाग सरस मिळतात, पडदाही सुरेख. पण बॅटरी थकलेली, आणि अपडेटची मुदत पहिल्या मालकानं वापरून संपवलेली. म्हणजे माझा मुख्य आक्षेप जिथल्या तिथे, आणि पुरात लागणारी बॅटरीही गेली. तो विचार सोडला.

शेवटी तिनं तो सात हजारांच्या आतला मोठा फोन घेतला, आणि बँकेची व्यवस्था तिनंच लावली. बँकेला जोडलेलं सिम जुन्या बटणांच्या फोनमध्येच ठेवायचं, ओटीपी तिथेच येऊ दे. नव्या फोनमध्ये दुसरं सिम. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, कीर्तन, नातू, गटाची वही, पाण्याची पातळी. "पैसं त्यात, चित्रं ह्यात," म्हणाली. मी थक्क झालो, कारण यंत्रातलं काही न शिकता तिनं भाराची जागाच हलवली होती. दूरसंचार नियामक ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांना नुसत्या कॉल-मेसेजचे पॅक वेगळे द्यायला लावले, ते इथे कामाला आलं. बटणांच्या फोनवर तिला इंटरनेटचे पैसे भरावे लागत नाहीत. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायचे असतील तर इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे. पेंडवाल्याला क्यूआरनं पैसे देण्याची सवय मात्र गेली. आता ती रोख देते किंवा बिलातून वळते करायला सांगते, आणि दोन फोन सांभाळते. ही किंमत आहे, आणि ती तीच सोसते आहे.

तिनं ती का सोसावी, हा माझा प्रश्न आहे. फोनच्या खोक्यावर एमआरपी छापावी लागते, महिना-वर्ष छापावं लागतं, तक्रारीचा पत्ता छापावा लागतो. *#०७# दाबलं की फोनच्या रेडिओलहरी शरीरात किती शोषल्या जातात त्याचा आकडा पडद्यावर येतो. त्याची आपल्याकडची मर्यादा शरीराच्या किलोला १.६ वॉट, २०१२ पासून. हे सगळं नियमानं होतं, कंपनीच्या मर्जीनं नव्हे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं अपडेट मिळत राहावेत असा नियम लागू झाला. आपल्याकडे निदान खोक्यावर तारीख छापा: या महिन्यापर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. औषधाच्या पाकिटावर असते तशी, ठळक. मी दुकानातल्या पोराला विचारलं की ही तारीख बिलावर लिहून देशील का. त्यानं मालकाला फोन लावला, मालकानं वितरकाला विचारतो म्हणून सांगितलं, आणि बिल तारखेशिवायच निघालं.

गटात आता चार-पाच जणींना फोन घ्यायचे आहेत. आत्यानं पुढच्या बैठकीला मला बोलावलं आहे. दोन गोष्टी मी तिथे दाखवणार: खोक्यावरच्या ताऱ्याचा खुलासा कुठे वाचायचा, आणि सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख कुठे दिसते. त्यातली एक बाई शिवणकाम करते. गिऱ्हाइकांना ब्लाउजच्या गळ्यांचे, नक्षीचे फोटो पाठवायचे असतात, आणि कापडाचा रंग फोटोत बदलला तर काम परत येतं. तिच्या फोनचा हिशेब मला कॅमेऱ्यापासून आणि पडद्याच्या रंगांपासून नव्यानं मांडावा लागणार आहे.